मामाच्या काजूची वही: प्रकल्प नोंदी

२ मार्च

मामाचं वाळपईला काजूबिया विकत घ्यायचं छोटं दुकान आहे. फेब्रुवारी ते मे एवढाच सीझन, पण त्या चार महिन्यांत वही इतकी भरते की मे संपता संपता कोणाची किती उचल आणि कोणाचं किती देणं हे मामालाच कळत नाही. मी साखळीला एका दुकानात अकाउंट्स बघते, पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) दोन महिन्यांपूर्वी घरीच शिकायला घेतलंय, तर मी फुशारकीत बोलून गेले की मामा या वर्षीची वही मी कम्प्युटरवर करून देते. मामा म्हणाला, "कर गे बाय, पण माझी वही नेऊ नको, फोटो काढ."

फोटो काढले. मामाची मुलगी नववीत आहे, तिने फोटो बघून पहिल्या तीन दिवसांच्या नोंदी टाइप करून दिल्या: तारीख, गाव, नाव, किलो, दर, उचल.

आज रात्री पहिलं काम केलं, सगळ्या किलोंची बेरीज आणि सगळ्यात मोठं वजन कोणतं ते काढायचं. फॉर लूप (एकेक नोंद घेऊन तेच काम परत परत), मध्ये इफ (अट), एक व्हेरिएबल (आकडा ठेवायला दिलेलं नाव) बेरजेला, एक मोठ्या आकड्याला, १४ ओळी झाल्या. हाताने भरलेल्या पाच आकड्यांवर चाललं. खूश होऊन पर्वरीच्या दादाला (मावसभाऊ, सॉफ्टवेअरमध्ये आहे) पाठवलं, त्याचा रिप्लाय आला, "सम आणि मॅक्स माहीत नाहीत का तुला?"

माहीत नव्हते. म्हणजे बेरजेला सम, मोठ्या आकड्याला मॅक्स असं काही आयतं असेल असा विचारच डोक्यात आला नाही.

५ मार्च

फाइल उघडेना. ओपन लिहिलं, फाइलचं नाव दिलं, आणि लांबलचक एरर, त्यात कुठेतरी चारमॅप असा शब्द. मी धरून चालले की मामेबहिणीने फाइलच बिघडवली, तिला फोन करून दोन शब्द सुनावले पण. ती बिचारी म्हणते, माझ्याकडे नोटपॅडमध्ये नीट दिसतेय.

मग हेल्प(ओपन) केलं, म्हणजे ओपन काय करतं ते पायथनलाच विचारलं. इतकं लांब आहे की पहिल्यांदा नुसतं स्क्रोल करत राहिले, पण मध्ये एन्कोडिंगचा (अक्षरं फाइलमध्ये कोणत्या पद्धतीने साठवायची त्याचा) परिच्छेद आहे आणि त्यात सरळ लिहिलंय की हे दिलं नाही तर प्लॅटफॉर्मप्रमाणे ठरतं. माझ्या विंडोजवर ते जुनं युरोपियन लिपीवालं एन्कोडिंग धरलं जात होतं आणि आपली फाइल यूटीएफ-८. ओपनमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ असं लिहिल्यावर गुपचूप उघडली. मामेबहिणीला सॉरी म्हटलं, एक आइस्क्रीम देणं लागते.

६ मार्च

मॅक्स लावलं. सगळ्यात मोठं वजन आलं ९.५ किलो. मामाला फोनवर सांगितलं तर हसायलाच लागला, "अगं केरीवाला गोण भरून ४८ किलो घेऊन आला होता, मी स्वतः काट्यावर टाकली."

वहीत ४८ आहे, फाइलमध्ये ४८ आहे, आणि मॅक्स म्हणतो ९.५. तासभर गेला. शेवटी वैतागून टाइप(किलो) करून बघितलं (टाइप हे फंक्शन, म्हणजे पायथनची आयती आज्ञा, समोरचं कोणत्या प्रकारचं आहे ते सांगतं) तर एसटीआर, म्हणजे फाइलमधून आलेलं सगळं अक्षरंच आहेत, आकडे नाहीतच, आणि अक्षरं म्हणून बघितलं तर पहिलं अक्षर नऊ हे चारपेक्षा मोठंच की. मॅक्स चुकला नाही, त्याला जे दिलं त्यातलं मोठं त्याने काढलं.

आता फ्लोट करायचं, म्हणजे अक्षरांचा दशांशी आकडा करायचा, पण मामेबहिणीने सगळे आकडे मराठीत टाइप केलेत! म्हटलं झालं, परत सगळं टाइप करा. तरी एकदा करून बघितलं, फ्लोट('४८'), आणि आलं ४८.०. मी पाच मिनिटं नुसती बघत बसले. फ्लोटला आणि इंटला (हे पूर्णांक करतं) देवनागरी आकडे चालतात!! म्हणजे अवतरणचिन्हात असले तर चालतात, थेट कोडमध्ये किलो बरोबर ४८ असं मराठी आकड्यात लिहिलं तर सिंटॅक्स एरर देतो, ते पण बघून झालं. आणि '१,२५०' असा स्वल्पविराम असला की व्हॅल्यूएरर, तिथे आधी रिप्लेस करून स्वल्पविराम काढावा लागला.

९ मार्च

दादाने सांगितलं की प्रत्येक वेळी मला विचारण्याआधी हेल्प बघ. ठीक आहे. पायथनच्या काळ्या विंडोत हेल्प(सॉर्टेड) केलं (सॉर्टेड यादी क्रमाने लावतं), खाली मोअर असं येऊन अडकलं, एंटर मारत राहिले, बाहेर कसं पडायचं कळेना, विंडोच बंद केली. दोनदा. नंतर कळलं की क्यू दाबायचं.

त्या काळ्या विंडोत मराठीचे चौकोन पण दिसतात, म्हणून आता आयडलमध्येच काम करते, पायथनबरोबर आयतं येतं ते. तिथे हेल्प सरळ खाली छापलं जातं, आणि फंक्शनचं नाव लिहून कंस उघडला की आत काय काय द्यायचं ते पिवळ्या पट्टीत दिसतं. हे कोणी पहिल्या दिवशी सांगत का नाही?

हेल्पची पहिली ओळ वाचायला शिकतेय. सॉर्टेडच्या कंसात आधी इटरेबल, मग तिरकी रेघ, मग तारा, मग की आणि रिव्हर्स. मी ती रेघ आणि तारा म्हणजे छपाईची काहीतरी भानगड समजून सोडून दिलेली. आणि सॉर्टेड(यादी, ट्रू) लिहिलं तर म्हणतो एकच आर्ग्युमेंट (कंसात द्यायची गोष्ट) पाहिजे, तुम्ही दोन दिलीत. ताऱ्याचा अर्थ तोच निघाला, ताऱ्याच्या पुढचं सगळं नाव घेऊनच द्यायचं, रिव्हर्स बरोबर ट्रू असं. आणि तिरक्या रेघेच्या आधीचं नाव न घेता, नुसतं जागेवर. इटरेबल म्हणजे काय हे मात्र दादालाच विचारलं. "ज्यातून एकेक काढून घेता येतं ते काहीही," म्हणाला. यादी चालते, फाइल चालते, अगदी शब्द पण चालतो, त्यातून एकेक अक्षर निघतं.

१५ मार्च

शिगमो. काम नाही. ढोलाने कान बसलेत.

१८ मार्च

आजचा दिवस वाया गेला असं लिहिणार होते पण नाही.

४१व्या ओळीवर एरर: इंट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल, म्हणजे आकड्याला फंक्शनसारखं वापरता येत नाही. त्या ओळीवर फक्त सम लावलंय, दुसरं काही नाही. कालपर्यंत दुसऱ्या फाइलमध्ये हेच सम चालत होतं. स्पेलिंग तपासलं, कंस मोजले, लॅपटॉप बंद करून चालू केला (हसू नका). एका चॅटबॉटला विचारलं तर त्याने मला अख्खी वही एका वेगळ्याच लायब्ररीत (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या संचात) लिहून दिली, चांगली असेल पण माझी ४१वी ओळ का मोडली ते राहिलंच.

दादाला स्क्रीनशॉट पाठवला, त्यात नेमकी वरची अर्धी एरर आलेली. तो वैतागला. म्हणाला एरर खालून वर वाचायची असते, शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, ती कापून पाठवलीस तर मी काय ज्योतिष बघू? आणि फोटो नको, मजकूर पाठव, आणि अख्खा प्रोग्रॅम नको, एवढीच एरर येईल असा चार ओळींचा तुकडा करून पाठव.

तो तुकडा करायला बसले. एकेक ओळ काढत गेले, प्रत्येक वेळी चालवून बघितलं, एरर आहे ना, आहे. सहावी ओळ काढली आणि एरर गेली. सहाव्या ओळीवर काय होतं तर पहिल्या दिवशीच्या त्या १४ ओळींमधला उरलेला तुकडा, बेरजेसाठी मीच केलेलं व्हेरिएबल, ज्याचं नाव मी ठेवलं होतं सम, आणि त्यात शून्य. म्हणजे पायथनच्या फंक्शनच्या नावावर मी स्वतःच शून्य मांडून ठेवलं होतं आणि ३५ ओळी खाली जाऊन त्या शून्याला म्हणत होते की बेरीज कर. पायथन यात काहीच बोलत नाही, ही नावं राखीव नाहीत, खुशाल झाका.

दादाला पाठवायची गरजच उरली नाही. त्याला सांगितलं तर म्हणतो, म्हणून तर तुकडा करायला लावतो.

एक युक्ती मात्र माझी स्वतःची: पायथनला व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात. तेव्हा आजपासून माझी सगळी नावं मराठीत, एकूण, वजन, दर, उचल, बाकी. पायथनची इंग्रजीत, माझी मराठीत, एकमेकांच्या पायात पाय नाही. दादाला अजिबात आवडलेलं नाही, कीबोर्ड बदलत बसावं लागतं म्हणे. लागतं खरं. पण तो कुठे टाइप करतोय.

२३ मार्च

मामाचा फोन, जरा तापलेला. दोन पावत्या माझ्या हिशेबाने केल्या. एकाच्या १२.५ किलो, दर १४३, होतात १७८७.५०, पावती १७८८. दुसऱ्याच्या १०.५ किलो, दर बदललेला, १४१, होतात १४८०.५०, पावती १४८०. दोघे शेजारी, दोघे एकाच रिक्षाने घरी गेले, पावत्या एकमेकांना दाखवल्या. एकाचे पन्नास पैसे वर गेले, दुसऱ्याचे खाली. "एक रुपयाची गोष्ट नाही," मामा म्हणाला, "मी वीस वर्षं पन्नास पैसे वरच धरतो, लोकांना माहीत आहे."

राउंड (आकडा जवळच्या पूर्णांकावर नेणारं फंक्शन) मी वापरलं होतं. हेल्प(राउंड) वाचलं, तीन वेळा वाचलं, किती दशांश ठेवायचे ते आहे, आकडा पूर्णांक कधी मिळेल ते आहे, अर्ध्याचं काय करायचं हे कुठेच नाही.

२४ मार्च

पायथनच्या साइटवरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये बिल्ट-इन (आयत्या) फंक्शन्सचं एक पान आहे, सत्तरएक फंक्शन्स, सगळी एका तक्त्यात. तिथे राउंडखाली स्पष्ट आहे: दोन्ही बाजू सारख्याच जवळ असतील तर सम (दोनने भाग जाणाऱ्या) संख्येकडे जातो. म्हणून १७८७.५ चं १७८८ आणि १४८०.५ चं १४८०. चूक नाही, मुद्दाम केलंय, कायम वरच ढकललं तर मोठ्या बेरजेत आकडा फुगत जातो म्हणून. वाळपईच्या बाजारात ही गोष्ट समजावून सांगायची माझी हिंमत नाही.

म्हणजे हेल्प हे त्या पानाचं थोडक्यातलं रूप आहे, आणि थोडक्यात करताना माझ्या कामाचं तेवढंच गळलं.

डेसिमलकडे (पायथनमधलाच दशांशी हिशेबाचा भाग) गेले, तिथे राउंड हाफ अप, म्हणजे अर्धा वर, असं सांगता येतं. त्याचं पान वाचताना एक वाक्य दिसलं आणि मी घरात सगळ्यांना दाखवत फिरले: आकडे इतर लिप्यांतलेही चालतात, उदाहरणार्थ अरबी आणि देवनागरी. नाव घेऊन लिहिलंय! आईने बघितलं, म्हणाली बरं, जेवायला ये.

फाइलमधलं '१०.५' फ्लोट न करता सरळ डेसिमलला देते, दर पण तसाच, गुणाकार, मग क्वांटाइज (ठरल्या दशांशापर्यंत आणणं). १४८१ आले. मामाने त्या माणसाला रुपया दिला.

३० मार्च

काल दुकान बंद होतं, त्या दिवसाची नोंदच नाही. सम म्हणाला शून्य, मॅक्सने एरर दिली, रिकाम्या यादीतलं मोठं काय सांगू म्हणून. बरोबरच आहे. हेल्प(मॅक्स)मध्ये डीफॉल्ट (यादी रिकामी असली तर काय द्यायचं ते) सापडलं, दोन मिनिटांत झालं. प्रगती आहे.

२ एप्रिल

हे जरा सविस्तर लिहिते कारण आठवडा खाल्ला याने.

मामाच्या वहीत प्रत्येकाच्या पानावर उजवीकडे बाकी असते. एकाने सीझनच्या आधी ५००० उचलले, मग बिया आणल्या १७८८ च्या, बाकी ३२१२. परत आणल्या १४८१ च्या, बाकी १७३१. प्रत्येक ओळीला त्या ओळीपर्यंतची बाकी. सम मला शेवटची एकच देतो. मला मधल्या सगळ्या पाहिजेत.

शोधायचं काय? मराठीत "बाकी पुढे नेणे" टाकून बघितलं, तिसरी-चौथीच्या वजाबाकीचे व्हिडिओ आले, हातचा घेणे. इंग्रजीत मला सुचलं ते सगळं टाकलं, बॅलन्स, कॅरी, ओळीओळीची बेरीज, कुठे बँकेचे फॉर्म, कुठे अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर विकायला. हेल्पला काय विचारणार, हेल्पला आधी नाव लागतं आणि मला नेमकं नावच माहीत नाही. डिरने सगळ्या बिल्ट-इन नावांची यादी काढली, एररची नावं धरून दीडशेच्या वर, एकेक वाचलं, झिप सापडलं, एन्युमरेट सापडलं (ओळीला अनुक्रमांक द्यायला छान आहे, लगेच लावलं), बाकीवालं नाही सापडलं.

पणजीला ऑफिसच्या कामाने गेले होते तेव्हा पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत तासभर बसले. कदंब (सरकारी बस) सुटायची वेळ झाली म्हणून पुस्तक अर्धवट ठेवून पळाले. त्यातही नाव माहीत असल्याशिवाय मागची सूची काय कामाची.

काल रात्री दादाला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. नुसता फोटो. प्रश्नच लिहिला नाही, कारण प्रश्न कसा लिहायचा तेच कळत नव्हतं. दोन मिनिटांत उत्तर: "रनिंग टोटल म्हणतात याला. अक्युम्युलेट बघ, इटरटूल्समध्ये."

बस. एवढंच नाव. ते हाती आल्यावर बाकी सगळं अर्ध्या तासात झालं. अक्युम्युलेट बिल्ट-इन नाही, इटरटूल्स या पायथनच्या वेगळ्या भागातून इम्पोर्ट करावं (आणावं) लागतं, म्हणून त्या यादीत दिसलं नव्हतं. उचल उणे धरायची, बिया अधिक, आणि लिस्ट करून छापायचं: उणे ५०००, उणे ३२१२, उणे १७३१. मामाच्या पानाशी तंतोतंत.

आता वहीच्या मागे एक पान केलंय, डावीकडे मामाचा शब्द, उजवीकडे पायथनचा. बाकी पुढे नेणे: अक्युम्युलेट. ओळीचा नंबर: एन्युमरेट. किती नोंदी: लेन. दोन याद्या जोडीने: झिप.

११ एप्रिल

गावांप्रमाणे यादी लावायची. यादी डॉट सॉर्ट करून ते व्हेरिएबलमध्ये घेतलं, छापलं तर नन, म्हणजे काहीच नाही. सॉर्ट जागेवरच लावतो आणि हातात काही देत नाही, सॉर्टेड नवी यादी देतो. ओके.

पण मामाने यादी बघितली आणि म्हणाला माळोली मासोर्ड्याच्या आधी कसं? मला आधी कळलंच नाही काय चुकलंय. वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, मामा शाळेत शिकलाय तसा, मी पण शिकलेय पण विसरले. ऑर्ड नावाचं फंक्शन अक्षराचा नंबर देतं: ळ २३५५, स २३६०, ह २३६१. कम्प्युटरकडे ळ हा ल च्या शेजारी बसतो.

उपाय जुगाडू आहे पण चालला. सॉर्टेडच्या की मध्ये एक छोटं फंक्शन दिलं जे तुलना करताना ळ च्या जागी अवग्रह ऽ ठेवतं, त्याचा नंबर २३६५, ह च्या पुढे आणि कान्यामात्र्यांच्या आधी. छापताना नाव जसंच्या तसं राहतं. क्ष चं पण तेच दुखणं आहे, तो क मध्ये जाऊन बसतो, पण क्ष ने सुरू होणारी एकच बाई बिया आणते आणि तिचं नाव मामा असाही शोधत नाही, ती समोर उभी असते.

२० एप्रिल

रकाने सरळ येईनात. खोतोडे आणि नगरगाव, दोन्हींचं लेन (लांबी) सहा. खोतोडेची तीनच अक्षरं दिसतात, पण काने-मात्रे वेगळे मोजले जातात, ख, ओची मात्रा, त, ओची मात्रा, ड, एची मात्रा. त्यामुळे जागा भरून रकाना करायला गेलं की सगळं वाकडं. एक संध्याकाळ घालवली आणि नाद सोडला. सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने पाडलेली) फाइल काढून एक्सेलमध्ये उघडते. तिथे मराठीचा कचरा दिसला, पण आता मी शहाणी झालेय, एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८-सिग लिहिलं आणि दिसलं.

४ मे

मामेबहीण आता स्वतः नोंदी चालवते, मी साखळीला असते. तिला रोज फोनवर सांगायचा कंटाळा आला म्हणून माझ्या फंक्शनच्या पहिल्या ओळीखाली तीन अवतरणांमध्ये मराठीतच लिहून ठेवलं: काय द्यायचं, उचल उणे टाकायची, पन्नास पैसे वर जातात. तिने आयडलमध्ये हेल्प(बाकी_काढ) केलं आणि ते सगळं छापून आलं. तिचा लगेच मेसेज, "ताई, पायथनला मराठी येतं??" आणि पाठोपाठ दुसरा, "उचल परत केली तर काय टाकायचं ते लिहिलेलं नाही."

नाही लिहिलेलं. राउंडसारखंच झालं माझं. आज टाकलं.

२६ मे

दोन दिवस वळीव, बिया ओल्या येतायत, मामा घट (ओलेपणाची वजावट) धरतोय आणि लोक कुरकुरतायत. घटीचा रकाना माझ्याकडे नाही. मामेबहिणीने किलोच्या रकान्यातच "१८ ओले" असं टाइप केलं, डेसिमलने ते घ्यायला नकार दिला, पूर्ण एरर तिने मजकूर म्हणून पाठवली, शेवटच्या ओळीसकट.

घट आधी वजनातून काढायची की रकमेतून, ते मामाला विचारायचंय. आत्ता काट्यावर आहे, फोन उचलत नाही.